गडी निवडणारे नाना

आमच्या जिंतूरच्या बसस्थानकातले कंट्रोलर भानुदासनाना, माणूस गाडीत कसा चढतो यावरून त्याला व्हिडिओ गेममधला गडी नेमून देत. वाचून तुम्हाला हसू येईल. आम्हालाही यायचं, पण नानांच्या तोंडावर हसायची कुणाची टाप नव्हती.

हा नाद त्यांना विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत लागला. एकदा बंद उठला, दुकानं उघडली, पण एसट्या काही सुटेनात. ज्याचा जन्म भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात गेला त्यानं करावं काय? नाना समोरच्या रफिकच्या दुकानात जाऊन बसले. रफिक रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्यानं नुकतंच एक कपाटाएवढं यंत्र आणलं होतं. नाणं टाकलं की पडद्यावर लढवय्यांची रांग दिसायची. त्यातला एक गडी निवडायचा, दांडा हलवायचा, बटणं बडवायची आणि समोरच्याला लोळवायचं. पोरं दिसेल तो दांडगा गडी घेत होती आणि मार खात होती. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आरं, गडी आपल्या सोभावाचा घ्यावा!"

झालं, शास्त्र जन्माला आलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला उड्या मारणारा चपळ गडी. सगळे चढल्यावर सावकाश चढणाऱ्याला ढेरपोट्या पैलवान. "त्याला घाई न्हाई. मार खाईल, पन हालनार न्हाई." मला म्हणाले, "गुरुजी, तुमी पाटी वाचून बी पुन्हा पुन्हा इचारता, गाडी परभणीलाच जाती ना? तुमी लांबून जाळ फेकनारा घ्या. जवळ जायचं तुमचं काम न्हाई." मी वर्गातही लांबूनच खडू फेकतो, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

गंमत म्हणजे नाना स्वतः कधीच खेळत नसत. रफिक विचारायचा, "नाना, तुमारा गडी कौनसा?"

"कंट्रोलर गाडीत बसत नसतो," नाना म्हणायचे.

गड्यांमध्ये लांब वेणीची एक बाईही होती. बाई कोण घेणार म्हणून पोरं तिला टाळायची. नाना चिडायचे. "आमच्या सुमीवानी हाय ती. दिसायला गरीब, पन एका लाथंत निकाल."

सुमन म्हणजे नानांची एकुलती एक लेक. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून आमच्या भिंतीपलीकडे हे बापलेकीचं बिऱ्हाड. सुमन लग्नाची झाली आणि नानांचं शास्त्र तिच्या मुळावर उठलं.

मुलगा बघायला आला की पोहे झाल्यावर नाना "जरा चक्कर मारू" म्हणून त्याला थेट रफिककडे नेत. साक्षीला मी. सोनपेठच्या मुलानं सगळ्यात भरदार दंडाचा गडी घेतला. नापास! "मास बघून घेतला. अक्कल बघितली न्हाई." राणीसावरगावचा सारखे गडी बदलत बसला. "लगीन झाल्यावर बी बदलंल." एकानं हरल्यावर यंत्राला लाथ घातली. त्याला नानांनी स्वतः एसटीत बसवून दिलं, तेही उलट्या दिशेच्या.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. सुमन पोहे करताना भांडी जोरात आपटायची. माझी बायको म्हणाली, "नानांना जावई पाहिजे का पैलवान?"

मग सेलूचा एक चष्मेवाला कारकून आला. यंत्र त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. सगळे गडी नीट न्याहाळून त्यानं वेणीवाली घेतली. पोरं फिदीफिदी हसली. तो दणकून हरला आणि हसत म्हणाला, "तिची काय चूक न्हाई, मलाच खेळता येईना."

"नाना, अब तो पेढे मंगाव!" रफिक ओरडला. पण नानांचा चेहरा पार उतरला होता.

घरी आल्यावर म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन सेलू लय लांब हाय."

जिंतूरहून तासाभरावरच्या सेलूच्या गाड्यांच्या वेळा झोपेत सांगणारा माणूस हे बोलत होता! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खोट त्या मुलांत नव्हतीच. सुमन गेली की घरात बोलायला कोण उरणार, या धास्तीनं नाना एकेकाला वाटेला लावत होते.

सुमन आतून आली. "नाना, सेलूची गाडी तुमीच पुकारता. आता लांब झालं व्हय? ह्यो गडी मी निवडलाय." मग हळूच म्हणाली, "तुमच्या भाकरीचं शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय." शेजारच्या काकू म्हणजे माझी बायको. मला ते तेव्हाच कळलं.

लग्न झालं. सुमन ज्या गाडीनं सासरी गेली, तेवढी एक गाडी नानांनी दुसऱ्याला पुकारायला लावली.

पुढं एका दुपारी रफिककडे डोकावलो, तर यंत्रापुढे चक्क नाना! दोन गड्यांची दोन नाणी त्यांनीच टाकलेली. पडद्यावर डावीकडे ढेरपोट्या पैलवान, उजवीकडे वेणीवाली. दोघं समोरासमोर नुसते डुलत उभे होते. वर वेळ सरत होती आणि नाना दांडा नुसता धरून बसले होते.

"मारा की, नाना."

"तिला कसं मारू?"

"मग खेळायलाव कशाला?"

"खेळायलो न्हाई. बसलोय जरा. टायम सरला की बरोबरीत सुटती. मग पुन्हा नाणं टाकतो."

तेवढीच त्यांना सोबत म्हणून मी शेजारच्या स्टुलावर बसायला गेलो. नानांनी माझा हात धरला.

"तिथं नगा, गुरुजी. जागा धरलीय. पंचमीला येनार हाय ती."

खाली पाहिलं तर स्टुलावर नानांचा पांढरा रुमाल पसरलेला होता.