हौदातल्या शेवाळाचा छडा

महादेव सावे यांच्या मते डहाणू तालुक्यात मोठे गुन्हे होत नसत, याचं एकमेव कारण स्वतः महादेव सावे. नजर घारीची, कान सशाचे आणि नाक तर असं की तलासरीत तळलेला बोंबील ते डहाणूत बसून ओळखत. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. त्यांच्या या हौशी हेरगिरीतला मदतनीस रतन शिंपी यावर वाद घालत नसे, कारण तो चाळीत त्यांच्या शेजारी राहायचा आणि मधली भिंत पातळ होती.

एकसष्टच्या उन्हाळ्यात चिकूवाडीतल्या हौदात शेवाळ माजलं. हौद झाडांसाठी बांधलेला, पण दुपारभर त्यात चाळीतली पोरं डुंबायची. तो घासायची रीत सोपी होती. ज्याच्या दारात खराटा, त्याची पाळी. घासून झालं की खराटा पुढच्या दारात टेकवायचा. तो सध्या कुणाकडे आहे हे विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं, म्हणून कुणी विचारत नसे.

चाळीतली छोटी शुक्री हौदात घसरून आपटली तेव्हा वाडीच्या मालकांनी बजावलं, रविवारपर्यंत हौद स्वच्छ झाला नाही तर माती भरून कलमं लावीन. रतनची मुलगी जिजा नुकती कुठे पाण्यावर तरंगायला शिकली होती. तिचा उतरलेला चेहरा पाहून रतन, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, साव्यांकडे गेला.

साव्यांनी भिंगातून शेवाळ पाहिलं. त्यांना लगेच दमणहून चोरून येणाऱ्या दारूचा वास आला. चोरट्यांनी बाटल्या लपवायला शेवाळ मुद्दाम वाढवलंय, असं म्हणून त्यांनी रतनला तळाशी उतरवलं. वर आली एक डावी चप्पल. टोळीत एक लंगडा आहे, असा निष्कर्ष निघाला.

मग त्यांनी गंजाडच्या लाहू दूधवाल्याला गाठलं. हौदातलं पाणी तोच दुधात घालत असणार.

"या पाण्यानं दूध हिरवं झालं असतं, सायेब," लाहू शांतपणे म्हणाला. "मी आमच्या विहिरीचं घालतो."

शनिवारी साव्यांची बायको हिरकणी महिनाभराच्या माहेरपणाहून परतली. लुगडी ठेवायला तिने ट्रंक उघडली, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला खराटा.

"हात लावू नकोस, पुरावा आहे," सावे म्हणाले. "तू गेलीस त्याच दिवशी कुणी अज्ञात इसमाने दारात ठेवला. मला धमकी आहे ती."

"अहो, आपली पाळी आहे ती."

रविवारी मालक गाडीभर माती घेऊन आले, तेव्हा हौदाचा तळ चकचकत होता. त्यांनी गाडी मागे वळवली. रतनने पाण्याचं इंजिन सुरू केलं आणि जिजा घोट्याएवढ्या पाण्यातच आडवी झाली. रतनला इतका आनंद झाला की साव्यांना मिठी मारावीशी वाटली, पण ते ढोपरापर्यंत चिखलाने माखले होते.

"गुन्हेगार सापडला का?" मालकांनी विचारलं.

"सापडला," सावे खराट्यावर रेलत म्हणाले. "पण माणूस प्रतिष्ठित घरचा आहे. नाव फोडता येणार नाही."

"त्या प्रतिष्ठिताला सांगा," काठावरून हिरकणी म्हणाली, "कोपरे राहिलेत."