कदम, तृतीय वर्ष विज्ञान

रोज सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीच्या मागच्या गवताकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून, एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ प्लॅस्टिकच्या पाइपची चौकट खांद्यावरून मागे भिरकावतात. हे आमचे शेजारी विश्वनाथ कदम. फुलपाड्यात नवीन राहायला आलेली माणसं हे बघून हळूच वॉचमनला विचारतात, "यांना घरचं कोणी नाही का?"

घरचं माणूस आहे, पण वहिनींनी केव्हाच हात टेकलेत. कदम वालीवच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्यांवर उभं आयुष्य काढून निवृत्त झाले. निवृत्त झालेली माणसं देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीला. कदमांनी बीएस्सीला नाव घातलं. विषय पर्यावरणीय जीवशास्त्र. पाठीला सॅक, गळ्यात आयकार्ड, आणि वर्गात सगळी विशीतली पोरं. त्या पोरांना ते 'माझी बॅच' म्हणतात. कोणी "पुढे काय?" असं विचारलंच, तर जराही न हसता "मास्टर्स" म्हणून सांगतात.

त्या चौकटीचं शास्त्र त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलंय. ती पडेल तिथली झाडं आणि किडे मोजायचे. बघून फेकली तर हात आपोआप बऱ्या जागेकडे वळतो, म्हणून डोळे मिटायचे. "पक्षपात नको, पाटकर!" हे त्यांचं पालुपद. एकदा ही निःपक्षपाती चौकट मानकरकाकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडली. काकू लाटणं घेऊन धावत आल्या. कदम शांतपणे उकिडवे बसले आणि वहीत लिहू लागले, 'उडीद पापड, तेवीस. मुंग्या, सात.' काकू म्हणाल्या, "अहो, उचला ते!" हे म्हणाले, "नोंद पूर्ण होऊ द्या."

वहिनींची रव्याची चाळणी नाल्यातला गाळ चाळायला गेली ती परत स्वयंपाकघरात आली नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाला कदमांनी भटजींना केळीच्या खांबांचं लॅटिन नाव सांगितलं, तेव्हा भटजी संकल्पच विसरले. गच्चीवर थुंकणाऱ्याला ते ओरडत नाहीत. त्या थुंकीत काय काय वाढेल याची माहिती देतात. त्यापेक्षा ओरडलेले परवडले असते.

तर यंदा तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. जवळजवळ सगळी बॅच पास झाली आणि कदमांना एका विषयात केटी लागली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तीन वर्षं या माणसाकडून गवतावर व्याख्यानं ऐकली होती. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'पर्यावरण वाचलं, कदम बुडाले.' तासाभरात चाळीस जणांनी दात काढले. त्यात कदमांचाही अंगठा होता.

त्या रविवारी एका मुलीने चुकून आमची बेल वाजवली. हातात वाळवलेल्या केळ्यांचा, म्हणजे सुकेळ्यांचा पुडा होता, चेहरा पिवळट.

"कदमकाका इथेच ना? मी रिया, त्यांच्या वर्गातली. वटारहून आलेय. आम्ही सोबत स्टडी करणार आहोत."

"नापास माणसाबरोबर?" मी म्हणालो.

ती हसली. "मीपण तशीच आहे ना! लास्ट पेपरच्या आदल्या दिवशी कावीळ निघाली, बसलेच नाही. पप्पा म्हणाले, बस झालं कॉलेज, वालीवला पॅकिंगच्या कामाला लाग. मीपण सोडूनच दिलेलं. सगळे पास होऊन गेले, मी एकटी कशी बसणार परत? मग काकांचा फोन आला. म्हणाले, अगं, त्याच पेपरात मीपण उडालो. तू ये, नाहीतर म्हातारा एकटा पडेल."

"कुठला पेपर?"

"सांडपाणी शुद्धीकरण. गंमत म्हणजे आख्ख्या वर्गाला तो काकांनीच शिकवला, कॉलेजच्या जिन्यात बसून. परीक्षेत टेन्शन आलं असेल बिचाऱ्यांना."

मी तिला समोरचं दार दाखवलं आणि माझं लावून घेतलं. उभं आयुष्य ज्या पाण्यात गेलं, त्या पाण्यात हा माणूस नापास कसा होतो?

संध्याकाळी ती गेल्यावर मी कदमांना गाठलं. आधी ते "लिहायचा कंटाळा आला" म्हणाले. मी हललो नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तिचा बाक माझ्या पुढचा. अर्धा तास वाट बघितली. आली नाही. कोरा पेपर दिला आणि उठलो."

"अहो, पण तुमची डिग्री?"

"मला काय नोकरी शोधायचीय? पाटकर, मी पहिल्यांदा कॉलेजात होतो ना, तेव्हा मला टायफॉइड झाला. एक पेपर गेला. पोरं पुढे निघून गेली. एकट्याने परत बसायची लाज वाटली. वडिलांनी कारखान्यात चिकटवलं, झालं. एक जरी जण सोबतीला असता तर बसलो असतो हो."

मला त्यांच्याकडे बघवेना. "ग्रुपवरचं ते काढून टाकतो," मी म्हणालो.

"मुळीच नाही!" कदम एकदम तडकले. "तिला जरा जरी संशय आला तर ती परत यायची नाही. ती दर रविवारी येणार. तुम्ही दारात उभे राहून तिच्या देखत माझी टर उडवायची. तुम्हाला जमतं ते."

आठवडाभर मला एक टोमणा सुचला नाही. रविवारी रिया आली, कदमांनी दार उघडलं. मी माझ्या उंबऱ्यावरून घसा खाकरून म्हणालो, "काय नापास कदम, आज तरी काही डोक्यात शिरणार आहे का?"

रिया खळखळून हसली. तिच्या मागे उभ्या असलेल्या कदमांनी मला हात जोडले.