मुळगावातली रविवारची खाण

पप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांनी जाहीर केलं, "या खोलीत तोफ डागली तरी शेजारचं मांजर जागं व्हायचं नाही."

खोली म्हणजे आमची भाताची कोठी. निवृत्तीनंतर पप्पांनी तिचं थिएटर केलं. भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांवर काथ्याच्या गाद्या, दाराला जुनी वाकळ. खोली थंडीतापाने आजारी असल्यासारखी दिसत होती. कोपऱ्यात म्हापशाहून आणलेला पिंपाएवढा सबवूफर, मधोमध पप्पांची खुर्ची.

"कशी झालीय गो, गौरवी?" त्यांनी पुन्हा विचारलं. पुस्तकं वाचणाऱ्या लेकीकडून त्यांना शाबासकी हवी होती.

"ठीक," मी म्हटलं. माझ्याकडे शब्द पुष्कळ, पण ते घरात वापरायची सवय नव्हती.

युद्धाचा सिनेमा लागला.

"बास येत नाही गो, तो खालचा घुमारा." पप्पांनी आवाज वाढवला.

मी भिंतीला टेकले होते. माझे दात वाजत होते. "येतोय, पप्पा."

"खंय येतो?" आणखी वाढवला.

खोलीच्या मधोमध बास मरतो आणि भिंतीपाशी साचतो, हे आम्हाला नंतर कळलं. गाद्या बोलणं अडवतात, बास मात्र भिंतीतून, जमिनीतून खुशाल गावभर फिरून येतो, हेही.

शेजारच्या चंद्रावतीकाकीची बशी फडताळातून पडली. मुळगावात बशी आपोआप पडली की कुणी भूकंप म्हणत नाही, खाण म्हणतात. माणसं जमली आणि आमच्याकडे आली, कारण खाणीच्या हादऱ्यांनी घरांना गेलेले तडे मोजणाऱ्या समितीचे अध्यक्ष पप्पाच. जमलेल्यांनी दार बडवलं. आम्हाला ढिम्म ऐकू येईना. शेवटी काकीने पप्पांना फोन केला.

"गुरुदास, रविवारचीसुद्धा खाण चालू केली मरे त्यांनी!"

पप्पांनी सिनेमा बंद केला, चपला घातल्या आणि मोर्चा घेऊन खाणीच्या गेटवर गेले. बेळगावकडचा राखणदार धोंडिबा जेवत होता.

"साहेब, मशीनं कालपासून बंद हायेत. हात लावून बघा."

पप्पांनी हात लावला. मशीन थंड होतं.

"आम्ही येतोय कळल्यावर बंद केली," पप्पा म्हणाले.

"गुरुदासने चपला घातल्या तेव्हाच हादरे थांबले," काकी म्हणाली. "वचक लागतो माणसाचा."

परत येऊन सगळे आमच्या अंगणात चहा पीत पप्पांचं कौतुक करत बसले. पप्पा खुशीत आत गेले आणि उरलेला सिनेमा लावला.

पेल्यांतल्या चहावर लाटा उठल्या. सगळ्यांनी आधी पायांकडे पाहिलं, मग आमच्या भिंतीकडे.

"खाण हांगाच आसा, ह्या कोठीत," काकी शांतपणे म्हणाली.

पप्पांना बाहेर बोलावलं. ते खाली मान घालून उभे राहिले. काकीने कमरेवर हात ठेवले. "आता पहिल्यापासून लाव. माझी बशी कशाने फुटली ते बघू तरी दे."

अख्खा मोर्चा आत शिरून भिंतींना टेकला. सगळ्यांचे दात वाजले. जाताना जो तो म्हणाला, "खोली झकास, गुरुदास." पप्पा माझ्याकडे बघत होते. मी पेले गोळा करत होते.

सोमवारी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

बारावं झाल्यावर काकी म्हणाली, "गाद्या काढून भात भर त्या कोठीत." मी आत गेले, दार लावून घेतलं. कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी आधी घसा साफ केला.

"पप्पा, खोली फार सुंदर झालीय," मी मोठ्याने म्हटलं. "आणि त्या दिवशी मला इतकी मजा आली की काय सांगू तुला."