हणमंतमामांची डोंगरपिशवी

रविवारी उजाडलं की शेजारचे हणमंतमामा माझी पिशवी त्यांच्या ओट्यावरच्या चटईवर उपडी करतात. विचारत नाहीत. मी चहाचा कप हातात धरून झोपाळलेल्या डोळ्यांनी बघत उभी. ट्रेनचा पास, अर्धा बिस्किटपुडा, सुकलेलं पेन, मागच्या शुक्रवारचा गजरा, डोकेदुखीच्या गोळ्या... सगळी अब्रू चव्हाट्यावर. मामा एकेक वस्तू चिमटीत धरून विचारतात, "हे डोंगरावर कशाला?"

"मामा, ती माझी ऑफिसची पिशवी आहे."

"तेच सांगतोय! ऑफिसची पिशवी घेऊन डोंगर चढतं का कोणी? नोडी, हे बघ शैला, डोंगराची पिशवी वेगळी. त्यात काय हवं ते पाहून घ्यायचं नाही. काय लागेल ते पाहून घ्यायचं."

हा फरक मला आजवर कळलेला नाही. सकाळी सकाळी विचारायची ताकदही नसते. आठवड्याचे सहा दिवस मी म्हैसूर-नंजनगूड ट्रेननं कारखान्याच्या ऑफिसात जाते आणि संध्याकाळी उभ्यानं परत येते. रविवार एक झोपायचा. पण माझी शुगर वाढली, ही बातमी कशी कोण जाणे शेजारी पोचली आणि इंदूमामी कमरेला पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. "झोपून शुगर कमी होत नाही. उद्यापासून आमच्याबरोबर चल." मामी शाळेत ड्रिल टीचर होत्या. रिटायर झाल्या तरी आवाज रिटायर झालेला नाही. मी गेले, आणि गाडी चालवायला म्हणून नवऱ्यालाही ओढून नेलं. प्रकाशनं त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही.

म्हणजे आम्ही चौघं. चामुंडीच्या पायऱ्या नाहीतर करीघट्टा, आणि फार उत्साह आलाच तर कुंतीबेट्टा. सकाळी जायचं, दुपारच्या जेवणाला घरी. एवढ्यासाठी मामांची तयारी बघितली तर वाटावं, हे आता हिमालयातूनच पत्र टाकणार.

मामांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या घोडदळात होते. घरातली तलवार थोरल्या पातीकडे गेली आणि मामांच्या वाट्याला आली, त्यांच्याच शब्दांत, "खोगिराची विद्या". मामा स्वतः जन्मभर विमा कंपनीत टेबलामागे बसले. घोडा पाहिला तो दसऱ्याच्या मिरवणुकीत, तोही लांबून. पण पिशवी भरून झाली की ती दाराच्या खुंटीला अडकवायची, चार पावलं मागं जायचं आणि एक डोळा मिटून बघायचं, हा नेम. "डावीकडं झुकतेय. खोगीर वाकडं तर घोडा वाकडा." मग लिंबं डाव्या कप्प्यातून उजव्यात. पुन्हा डोळा मिटायचा. खाली प्रकाश गाडीत बसून हॉर्न वाजवतोय, मामी रस्त्यावर उभ्या राहून ओरडताहेत, "अहो साकु! आता पुरे! ऊन डोक्यावर आलं!" आणि मामा लिंबं हलवताहेत.

पिशवीत काय असतं म्हणाल, तर काय नसतं? दोरी, सुई-दोरा, चाकू, मेणबत्ती, गोळ्यांच्या जुन्या डबीत काडेपेटी, ओवा, मीठ, खडीसाखर, खाली अंथरायला वर्तमानपत्रं आणि भर सकाळी चढायला टॉर्च. "मामा, टॉर्च कशाला? सूर्य उगवलाय!" यावर ठरलेलं उत्तर, मान किंचित वाकडी करून, "लागलं तर?"

लागलं तर! या दोन शब्दांनी माझं डोकं उठवलंय. मंडी मोहल्ल्यातल्या एका दुकानात मामा पाण्याची बाटली घ्यायला गेले, तेव्हा मी बरोबर होते. देवा रे. दुकानदाराकडून प्रत्येक बाटली पाण्यानं भरून घेतली, उलटी धरली, हलवली, कानाशी लावून ऐकली. झाकण डाव्या हातानं उघडतं का ते बघितलं. "उजवा हात दोरीला असला तर?" दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही जाता कुठं?" मामा म्हणाले, "चामुंडी." तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. रोज सकाळी त्याची म्हातारी आई अनवाणी तेवढंच चढून येत असणार. शेवटी बाटली घेतलीच नाही. जुनीच बरी म्हणाले.

तलकाडला गेलो तेव्हा तर कहर. तिथं वाळू, वाळू बुटात जाणार, म्हणून मामांनी गोणपाट कापून चौघांच्या पायांना बांधायला पट्ट्या शिवून आणल्या. देवळाकडे जाणारी माणसं थांबून आम्हाला बघत होती. एका बाईनं तर कोणतं व्रत म्हणून विचारलं. बरं, वाळू बुटात जायची ती गेलीच.

हेही मी सोसलं असतं. माणूस नग आहे, शेजारी आहे, मनाचा चांगला आहे, चालायचं. पण चढताना थांबणं! पायऱ्यांची एक लय लागते, श्वास जमतो, आता बरं चाललंय म्हणावं, तेवढ्यात मागून आवाज, "थांबा थांबा! दोरी पिशवीत वरच आहे का बघतो." मामा पायरीवर बसणार, वर्तमानपत्र अंथरणार, सगळी पिशवी बाहेर. दोरी सापडते. मग सगळं परत आत, नीट, तोलून. "आयतु, झालं, चला." जरा वर गेलं की, "थांबा! मीठ सांडलं वाटतं."

मामी त्या वेळी जे बोलायच्या ते शाळेच्या मैदानावरही कधी बोलल्या नसतील. "काय माणूस आहे हा! मी काय तुमच्या पिशवीची राखण करायला आले? एकटी असते तर केव्हाच वर पोचले असते!" असं म्हणत पायरीवर बसायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. मामा खाली मान घालून मीठ शोधायचे. मला मामींची फार दया यायची. एवढी चपळ बाई आणि पदरात हे असलं माणूस.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. नवमीला आमच्या गावात आयुधपूजा. गाड्यांना हार, दुकानात तराजूला कुंकू, शिवणाऱ्याच्या मशीनला झेंडू. जुन्या शिपाईगड्यांच्या घरांत तलवारी मांडतात. मामांच्या घरात तलवार नाही, म्हणून मामा डोंगरपिशवी मांडतात. टॉर्चला गंध, चाकूला कुंकू, दोरीची वेटोळी करून तिच्यावर फूल, आणि पिशवीला आपला भलामोठा हार. एकदा पूजेला मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत आयुधाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा कडक नियम.

आणि नवमी आली नेमकी रविवारी.

मी प्रसादाला गेले, पाटावर हार घालून बसलेली ती पिशवी बघितली आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. "मामी, आज पिशवी देवाच्या कैदेत आहे. आजच जाऊया! चामुंडीला गर्दी असेल, करीघट्ट्याला जाऊ." मामींचा चेहरा असा फुलला! "चल! आज बघ कशी चढते ते."

मामा मात्र पांढरे पडले. "आज? रिकाम्या हातांनी? नको. उद्या जाऊ. परवा."

"तुम्ही बसा घरी," मामी म्हणाल्या. मामा मुकाट्यानं गाडीत येऊन बसले. मी मागून प्रकाशचा खांदा दाबला. तोही हसत होता.

करीघट्ट्याच्या पायऱ्या मामींनी अशा घेतल्या की मी मागं पडले. थोडं चढलो असू, तर मागून आलंच, "थांबा!" मामांनी खिशातून घराची किल्ली काढली होती. "ही डाव्या खिशात असावी की उजव्या? प्रकाश, तुझं मत काय?"

"मामा, कुठंही ठेवा हो!"

"कुठंही? चढताना मांडीला टोचली तर?" किल्ली या खिशातून त्या खिशात, पुन्हा या खिशात. मामी ओरडत ओरडत पायरीवर बसल्या. पुढच्या थांब्याला मामांच्या बुटात खडा गेला. बूट काढला, झटकला, खडा नव्हता. मग दुसरा बूट. माझा पारा चढायला लागला. हातात पिशवी नाही तरी हा माणूस सुधारत नाही!

तिसऱ्यांदा "थांबा" ऐकलं तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच वळले. मामांच्या खिशात आता काही उरलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला होता आणि तोच हातात धरून विचारत होते, "ही वस्तू डोंगरावर आणावी का? पडला, फुटला, तर?"

चष्म्याशिवाय मामांना हातभरावरचं दिसत नाही. ते चष्मा पुसत होते, पण मान वाकडी करून कान मामींकडे लावला होता. मी पण ऐकलं. मामी बसल्या होत्या, आणि त्यांच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठ काळसर पडले होते. या वेळी त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, ओरडायला श्वास नव्हता. मामा पुसत राहिले. आवाज हळूहळू विरला, मामी म्हणाल्या, "झालं का तुमचं?" तेव्हा मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आयतु. चला."

वर पोचल्यावर मामा आणि प्रकाश देवळात गेले. मी मामींच्या शेजारी कट्ट्यावर बसले. खाली नदी, उसाची शेतं. मामींनीच सुरुवात केली.

"कळलं ना तुला? डॉक्टर म्हणाले, चढा, पण थांबत थांबत. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, थांबत थांबत चढायचं असेल तर मी डोंगराचं तोंड बघणार नाही. मुलींना पळत चढवलंय मी या पायऱ्यांवरून! पुढच्या रविवारी हे ती पिशवी घेऊन उभे."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे?"

"अय्यो, इतक्या वर्षांचा संसार माझा! एवढं कळणार नाही?"

"मग एवढं ओरडता कशाला त्यांच्यावर?"

मामी देवळाच्या दाराकडे बघत होत्या. "ओरडले नाही, तर मला कळलंय हे त्यांना कळेल. मग त्यांना मला थांबवता येणार नाही, आणि मला चढता येणार नाही." पदरानं तोंड पुसलं. "तू बोलू नकोस हं."

मामा प्रसाद घेऊन बाहेर आले. तीर्थ सांडू नये म्हणून वाटी कशी धरावी हे प्रकाशला समजावत होते. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसले.

पुढच्या रविवारी चामुंडी. पिशवी सुटून आली होती, बंदाला कुंकवाचा डाग तसाच. पायऱ्यांवर कॉलेजच्या मुलांचा एक घोळका मोठ्यानं गाणी लावून आमच्या बाजूनं चढत होता. मामा पुढं प्रकाशला दोरीच्या गाठी शिकवत होते. त्या गोंगाटात त्यांना मागचं काही ऐकू येईना. मला आलं. मामींची शिट्टी सुरू झाली होती आणि त्या दात आवळून चढतच होत्या.

"मामा!" मी ओरडले. "थांबा! सुई-दोरा आहे का हो? माझ्या पिशवीचा बंद उसवला!"

मामा गर्रकन वळले. चेहरा असा उजळला की बघत राहावं. "बघा! बघा! मी म्हणत नव्हतो? लागलं की नाही?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग जेवढा होता तेवढ्या श्वासात म्हणाल्या, "तू पण लागलीस का ह्यांच्या नादी, शैला? साकु बाई!" आणि पायरीवर बसल्या.

मामांनी वर्तमानपत्र अंथरलं. टॉर्च निघाला, मेणबत्ती निघाली, लिंबं निघाली. सुई-दोरा अर्थातच तळाशी. माझ्या पिशवीचा बंद धडधाकट होता. मामा तळापर्यंत पोचेस्तोवर मी त्यांच्याकडे पाठ केली आणि नखानं त्याचे दोन-चार टाके उसवून ठेवले.