तक्रार न्हाय, उत्तर हाय!

दिवेलागणीच्या आधी गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजायची आणि पाठोपाठ आरोळी यायची, "तक्रार न्हाय, उत्तर हाय!" सायकलवरून उतरायच्याही आधी. मग टोपी सावरत, धोतराचा सोगा हँडलमधून सोडवत घोलप सर कुणाच्या तरी अंगणात शिरायचे.

घोलप सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी मराठी. शाळा बारामतीजवळ, मुलं कन्हेरीपासून जळोचीपर्यंतची. भूगोलात ज्वालामुखीचा धडा आला की सरांच्या अंगात यायचं. मुलं विचारायची, लाव्हा लाल का असतो, दगडाला भोकं कशी पडतात, आपल्या शाळेखाली ज्वालामुखी आहे का. सर डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बघावं लागंल. संध्याकाळी घरी येऊन सांगतो."

आणि खरोखर जायचे. आता आमच्याकडं मास्तर दारात आला म्हणजे पोरानं शाळेत काहीतरी दिवे लावले, एवढंच लोकांना माहीत. एकदा कन्हेरीतल्या एका तात्यांनी सरांना पाहिलं आणि काही न विचारता पोराच्या कानाखाली काढली.

"अवो तात्या, मारू नका! त्यानं लई झ्याक प्रश्न इचारलाय," सर मधे पडले.

"प्रश्न? मास्तरलाच उलटं इचारतो व्हय रं?" म्हणत तात्यांनी दुसरी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकही हात वर झाला नाही. सर दिवसभर कावरेबावरे होऊन फिरत होते. मधल्या सुट्टीत चहाला शिवलेसुद्धा नाहीत. तेव्हापासून ती आरोळी सुरू झाली.

उत्तरं मात्र ऐकावीत. "ह्यो आपला काळा दगड म्हंजे निवलेला लाव्हा. डोंगराचं टकुरं उडवून न्हाय आला, जमिनीला भेगा पडल्या अन् त्यातनं उतू गेला. दूध जातं तसा. एकावर एक थर बसले. तुमची हीर खांदताना काळा कठीण दगूड लागला, मंग तांबडा मऊ, मंग परत काळा. लागला का न्हाय?" तात्या मान डोलवायचे. विहीर त्यांनीच खणलेली. "भोकं कशाची? आत वाफा हुत्या, त्यांच्या बुडबुड्यांची. अन् लाल म्हणाल, तर लव्हाराच्या भट्टीतला फाळ का लाल दिसतो? उष्णतेनं. निवला की काळा."

लाव्हा निवायला किती दिवस लागतात, या प्रश्नावर सर गुऱ्हाळात शिरायचे. "काहिलीतनं गूळ निवायला वाफ्यात वतला की वरनं लगीच साय धरतो. वाटतं, निवला. बोट घाला बरं! लाव्ह्याचं तसंच हाय. वरनं चालता येतं, पर थर जाड असला तर आत वर्सानुवर्सं धग ऱ्हाती."

तोवर चहा व्हायचा, शेजारची पोरं जमायची, घरची बाई म्हणायची, "सर, भाकरी टाकलीया, चार घास खाऊनच जावा." सर जरा आढेवेढे घ्यायचे आणि बसायचे.

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली तर लोक घरात झोपायला भीत होते. जळोचीच्या एका आजींनी सरांचा हात धरून विचारलं, "मास्तर, आपल्या खाली हाय का वो त्यो जळता इस्तू?" सर तिथंच मातीत बसले, जमिनीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "कवाच निवला, आजी. त्याचीच ही काळी माती झाली, तिच्यातच तुमची ज्वारी येती. झोपा निवांत." त्या रात्री आजी आत झोपल्या म्हणे.

मला एक कोडं मात्र सुटत नव्हतं. दर वर्षी मुलं तेच प्रश्न विचारायची आणि दर वर्षी सर म्हणायचे, "बघावं लागंल." एकदा मी त्यांना मुद्दाम विचारलं, "सर, लाव्हा लाल का असतो?" त्यांनी हातातला खडूसुद्धा खाली न ठेवता अख्खं उत्तर दिलं.

"मग हे वर्गातच का नाही सांगत?"

सरांनी खडू खिशात टाकला. "वर्गात सांगितलं तर संध्याकाळी कुठं जायाचं?"

त्यांची मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी इंदापूरला दिलेली. जळोचीच्या घराचं कुलूप ते स्वतःच लावायचे, स्वतःच काढायचे. हे मला ठाऊक होतं, तरी त्या कोड्याशी कधी जोडलं नव्हतं.

मग सर निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं झाली आणि भूगोलाचे तास माझ्या गळ्यात पडले. कधीमधी सर बाजारात दिसायचे. एकच विचारायचे, "पोरं काय इचारत्यात का?" मी सांगायचो, "धडा अजून यायचाय, सर."

धडा आला. कन्हेरीच्या सुरेखानं हात वर केला. "सर, लाव्हा निवायला किती दिवस लागतात?"

गूळ, काहिल, साय, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "बघावं लागेल. मला नाही येत. घोलप सरांना संध्याकाळी तुझ्या घरी पाठवतो."

शाळा सुटल्यावर तसाच जळोचीला गेलो. सर ओट्यावर बसले होते. सायकल भिंतीला टेकवलेली, चाकात हवा नव्हती. प्रश्न सांगितला. सर माझ्याकडं बघून म्हणाले,

"ह्याचं उत्तर तुमाला येतंय."

"येतं, सर."

ते उठले. आत जाऊन पंप आणला, चाकात हवा भरली, टोपी झटकून घातली. मग सायकलवर हात ठेवून, खाली मान घालून विचारलं, "उद्या पण इचारतील का कुणी?"

"विचारतील."

सर निघाले. सुरेखाचं घर अजून कितीतरी लांब होतं, पण पहिल्याच वळणावरून मला आरोळी ऐकू आली, "तक्रार न्हाय, उत्तर हाय!"