सतराचा भरवसा

हार्लन स्टकी मास्तरांनी लेकीचं लग्न घरामागच्या ओकच्या झाडाखाली लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, व्हर्नाने, जमिनीकडे बोट दाखवलं. "हार्लन, खाली ते किडे आहेत."

"झोपलेत. अजून चार वर्षं आहेत त्यांना," मास्तर म्हणाले.

ओहायोतल्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लाल डोळ्यांचे हे सिकाडा किडे सतरा वर्षं मातीखाली राहतात आणि मग लाखोंनी वर येऊन उन्हात कर्कश ओरडतात. सतराच का, हे मास्तरांनी निम्म्या गावाकडून शाळेत घोकून घेतलं होतं. सतरा ही मूळ संख्या; दोन, तीन, चार, कशानंच भाग जात नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी फोफावणाऱ्या शत्रूशी त्यांची गाठ सहसा पडत नाही. लेक लोरीना चर्चचा हॉल मागत होती. मास्तरांनी तो हातचा सोडला. "सतरा मला दगा देणार नाही!"

लग्नाच्या तोंडावर ओकखाली बोट जाईल एवढाली भोकं पडली. "गांडुळं," मास्तर म्हणाले. सोमवारी तिन्हीसांजेला हिरवळ सळसळू लागली. वारा तर अजिबात नव्हता. व्हर्ना दार उघडून बघते तो काय, सगळं अंगण झाडाच्या दिशेने सरकत होतं.

"अगं बाई! हार्लन, तुझी गांडुळं झाडावर चढताहेत!"

"चुकार असतील. वेळेआधी पेपर देणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात."

"सगळा वर्गच उठलाय, मेल्या!"

मास्तरांनी बोटांवर मोजलं, सतरातून चार गेले. तेराच वर्षांत? हॉल एव्हाना दुसऱ्याच कुणाला गेला होता. लोरीना रडून रडून दमली. "बाबा, तुला मी महत्त्वाची की तो आकडा?" मास्तरांना तोंड वर करवेना. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून.

बरं, किडे ओरडतील तर शपथ! पाच दिवस नुसते फांद्यांवर बसून खाली बघत होते. त्यानेच जास्त धडकी भरत होती.

शनिवारी ढगाळ होतं. पास्टरबुवांनी वर न बघता विचारलं, "या लग्नाला कुणाची हरकत?"

तेवढ्यात ऊन पडलं आणि अख्खा ओक गर्जला.

पास्टरांच्या हातून पुस्तक पडलं. नवरा मुलगा वेंडेल दोन पावलं मागे सरला. लोरीनाचा चेहरा पांढराफटक झाला. तो पाहून मास्तरांना राहवेना. ते ताडकन उठले आणि वर्गातल्या आवाजात ओरडले, "गप्प बसा!"

झाड गप्प झालं. पाहुणेही. पास्टरही.

"पास्टर, तुम्ही नाही! तुम्ही बोला!" लोरीना कुजबुजली. "वेंडेल, हो म्हण पटकन!"

दोन्हीकडून हो झालं, लग्न लागलं, लोक केककडे पळाले. मास्तर मात्र मान वर करून झाडाखाली उभेच. लोरीना बशी घेऊन आली.

"बाबा, चल ना."

"कसा येऊ? सगळे माझ्याकडेच बघताहेत. काहीतरी ऐकायचंय त्यांना."

"मलाही ऐकायचंय," लोरीना म्हणाली.

मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर. "चुकलो. तेरालाही कशानं भाग जात नाही."

ओकवर असा गलका उसळला, की लोरीना पुढे काय म्हणाली ते त्यांना ऐकूच आलं नाही. तिने केकचा मोठा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला आणि दंडाला धरून त्यांना ओढत नेलं.