सोनुबाईचे तीन नवरे

"नवऱ्याची सही लागेल," डॉक्टर निमकरांनी फॉर्म पुढे सरकवत सांगितलं.

"नवरा नाय तिला," गोदाबाई म्हणाली. "मी करते सही. कुटं करू, दावा."

सोनुबाई बाजूच्याच स्ट्रेचरच्या ढकलगाडीवर पोट धरून आडवी पडली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि अपेंडिक्स दुपारपर्यंत कळ काढेल याची खात्री नाही, असं खुद्द डॉक्टरच म्हणाले होते.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"घरची."

"घरची म्हणजे? बहीण?"

"नाय."

"जाऊ? नणंद?"

"नाय वो. आमी दोघी एका घरात ऱ्हातो. बावीस वरसं झाली."

"अच्छा, म्हणजे भाडेकरू," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बाहेर बाकावर बसा. नातेवाईक पाठवा."

डॉक्टर निमकर स्वभावाने वाईट नव्हते, फक्त नवे होते. माणसाच्या अंगातली दोनशे सहा हाडं त्यांना पाठ होती. पण पोशीरच्या सोनुबाईने एकामागून एक सात स्थळं परतवून लावली होती आणि विसाव्या वर्षी शेजारच्या गोदाचा हात धरून वेगळी चूल मांडली होती, हे कुठल्या पुस्तकात असणार? गावाने पहिली दोन वर्षं या जोडीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग दोघींनी पोह्याची भट्टी घातली, गावाचं तोंड पोह्यांत गुंतलं, आणि हळूहळू लग्नाची अक्षत दोघींना मिळून एकच येऊ लागली, जोडप्याला येते तशी. नात्याला नाव देण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बावीस वर्षांत त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. अडलं ते आज, कर्जतच्या अलीकडे एका ट्रस्टच्या वीस खाटांच्या दवाखान्यात.

गोदाबाई बाहेर आली. सोनूला काही झालं तर आपण घरी कोणत्या तोंडाने जायचं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. समोर मोरू आपला टेंपो पुसत उभा होता. त्यानेच सोनुबाईला गोणीवर गोधडी घालून आणलं होतं.

"मोरू, तू सोनूचा नवरा हो."

"आं?"

"सही करस्तोवर रं! मग मोकळा."

मोरूचं लग्न येत्या वैशाखात खोपोलीला ठरलं होतं. पण सोनुबाईच्या पोह्यांवर वाढलेला गडी नाही कसं म्हणणार? त्याने केस पाण्याने चापून बसवले, चेहरा शक्य तितका सांसारिक केला आणि आत गेला.

"तुम्ही पती?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय."

"मुलं किती?"

मोरू गडबडला. जितकी पोरं जास्त तितका नवरा पक्का, असा त्याने झटपट हिशेब केला. "चार," तो म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. सन एकोणीसशे शहात्तर चालू होतं. दवाखान्यादवाखान्याला नसबंदीचं उद्दिष्ट आलेलं होतं, आणि डॉक्टर निमकरांच्या खात्यावर तोवर भोपळा होता. त्यांनी सोनुबाईचा फॉर्म बाजूला ठेवून खणातून दुसराच फॉर्म काढला.

"चार म्हणजे पुष्कळ झाली. शुक्रवारी शिबिर आहे, तुमचं नाव पहिलं घालतो. आधी इथे सही करा, मग तिथे."

मोरूला आधी वैशाख दिसला, मग खोपोलीचा सासरा दिसला, मग काहीच दिसेना. "जरा लघवीला जाऊन येतो," असं म्हणून तो जो उठला, तो थेट टेंपोत जाऊन बसला. फाटकाशी त्याला नेरळचा बेकरीवाला हसन भेटला. सोनुबाईची खबर ऐकून तो सायकल हाणत आला होता.

"आत नवरा पायजे हाय!" मोरू चालत्या टेंपोतून ओरडला. "पन पोरं सांगू नको!"

हसनने सायकल भिंतीला टेकवली आणि एक शब्दही न विचारता तो आत शिरला. मैत्री म्हणजे काय ते हसनला बरोबर ठाऊक होतं. त्याच्या रजियाच्या बाळंतपणात सव्वा महिना सकाळचा चहा पोशीरहून आला होता.

"मी सोनुबाईचा नवरा," तो म्हणाला. "पोरं एकबी नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, नवरे आत्ताच लघवीला गेलेत. चार मुलांचे."

"ते... ते जुने," हसन म्हणाला.

याचा अर्थ डॉक्टर लावत होते तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काठी टेकत चांगो आजोबा आत आले. हे भट्टीशेजारचे. मोरूच्या टेंपोत मागे बसून तेही आले होते, आणि मघापासून खिडकीखाली उभं राहून त्यांनी सगळा प्रकार ऐकला होता. या पोरांना नवरा होण्याची अक्कल नाही, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

"डागदर, मी तिचा नवरा. वय सत्तर. मला शिबिरात घालून तुमाला काय उपेग नाय. आना तो कागद."

"हे अजून जुने," हसन पुटपुटला.

अर्ध्या तासात एका बाईला तीन नवरे! डॉक्टर निमकर खुर्चीतून ताडकन उठले. "हा काय पोरखेळ चाललाय? सिस्टर, पोलिसांना फोन लावा! सगळ्यांना आत घालतो!"

आरडाओरडा ऐकून गोदाबाई बाकावरून धावत आली. "त्यांना कशाला? मला घाला आत. पयला नवरा मीच धाडला. तुमाला नवराच पायजे होता, मी कुटून आनू? पन आदी तिचं पोट बगा वो, मंग मला कुटंबी न्या!" आणि पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. चांगो आजोबांनी मान खाली घातली. हसनही भिंतीकडे बघू लागला.

तेव्हा ढकलगाडीवरून आवाज आला.

"डागदर, पोट कुनाचं हाय?"

सगळे वळले. सोनुबाई घामाने भिजली होती, पण डोळे टक्क उघडे होते.

"तुमचं," डॉक्टर म्हणाले.

"मंग मला कुनी इचारलंच नाय! सकाळधरनं माज्या उशाशी बाजार भरवलाय. मी शुद्धीत हाय. माजा आंगठा घ्या आन कापा. आन माजं मानूस कोन, ते बी लिवून घ्या. गोदा. तिच्यावर माजा जीव हाय. तिला माजी घरधनीन म्हना, घरधनी म्हना, तुमच्या कागदात जे बसंल ते म्हना. मी डोळं उगडीन तवा ती म्होरं पायजे. ह्यो नवऱ्यांचा घोळका नको मला."

डॉक्टर निमकरांना एकदम कानकोंडं झालं. सकाळपासून आपण चौघांशी बोललो, आणि ज्या बाईचं पोट दुखतंय तिच्याशी एक शब्द बोललो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फॉर्मवरच्या 'पती' या शब्दावर काट मारली, वर 'गोदाबाई' असं लिहिलं, शेजारी सोनुबाईचा अंगठा घेतला आणि पाच मिनिटांत हात धुवायला गेले.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, पण फुटलं नाही. दुपारी सोनुबाईने डोळे उघडले तेव्हा गोदाबाई समोर स्टुलावर बसली होती, आणि तिला तिथून उठवायची कोणाची छाती नव्हती. "बरी हाय का गं?" तिने विचारलं. "भट्टी कोन बगतंय?" सोनुबाईने उलट विचारलं. यावरून ती वाचली हे सगळ्यांना कळलं.

टाके काढेपर्यंत डॉक्टर रोज त्या खाटेपाशी टेकायचे आणि शिकवणीला बसल्यासारखे प्रश्न विचारायचे. त्यांना एक गोष्ट कळून चुकली. अशी माणसं दवाखान्यात पूर्वीही आली असणार. आपण त्यांना भाडेकरू म्हणून बाहेर बसवलं असणार.

पुढच्या महिन्यात खोपोलीला ट्रस्टच्या सगळ्या डॉक्टरांची बैठक होती. डॉक्टर निमकर दोघींना घेऊनच गेले आणि म्हणाले, "पेशंटशी कसं बोलायचं ते आज या शिकवतील."

ट्रस्टचे मुख्य डॉक्टर आठल्ये यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वय छप्पन्न, ब्रह्मचारी, आणि शिस्तीचे असे की त्यांच्यासमोर खोकलासुद्धा परवानगी घेऊन यायचा. "निमकर, असले पेशंट आपल्या भागात नसतात," ते म्हणाले. "उगाच वेळ घालवू नका."

गोदाबाई घाबरली नाही. बावीस वर्षं तापल्या भट्टीपुढे बसलेली बाई ती. "आमी बी नव्हतो म्हना ना, यांनी इचारीपातूर," ती म्हणाली. "तुमी काय करायचं, पेशंट आला का नवरा कुटं, बायको कुटं, असं इचारायचं नाय. 'तुमचं मानूस कोन?' एवडंच इचारायचं आन गप ऐकायचं. करून बगा. चला, मोठं डागदर, तुमीच व्हा पेशंट. तुमचं मानूस कोन?"

आता दोघी बाहेर जाणार आणि मागोमाग निमकरही जाणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. पण आठल्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला.

"सबनीस मास्तर," ते शेवटी म्हणाले. "रसायनीला. आम्ही एकत्र राहतो. तेवीस वर्षं." मग ते पुढे म्हणाले, "गेल्या साली त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला बाहेर बाकावर बसवलं. नातेवाईक नाही म्हणून. आपल्याच दवाखान्यात. नियम म्हणून मीही बसलो. आणि तो फॉर्म मीच छापून घेतलेला होता."

"मंग आता नवा छापा," सोनुबाई म्हणाली.

आठल्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे नवा फॉर्म लिहायला घेतला. पेशंटचं नाव, पेशंटची संमती, आणि खाली मोठ्या अक्षरांत: पेशंटचं माणूस, पेशंट सांगेल ते. लिहून होताच गोदाबाईने त्यांची पाठ थोपटली. मुख्य डॉक्टरांची पाठ थोपटायची असते की नसते हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे बाकीच्या सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.